एट्रस्कन जहाजं आणि डिजिटल वारसा यात करिअर म्हणजे नक्की काय काम?

तुम्ही विचारलंय की असा पुरातत्त्वज्ञ दिवसभर करतो तरी काय, तर आधी एक सांगतो, एट्रस्कन म्हणजे रोमच्या भरभराटीआधी मध्य इटलीत राहणारे लोक, त्यांचं स्वतःचं साहित्य जवळजवळ उरलंच नाहीये, ग्रीक लोक तर त्यांना सरळ समुद्री चाचे म्हणायचे, म्हणून त्यांची बाजू समजायची तर बुडालेली जहाजं, बंदरं, थडग्यातली चित्रं हेच वाचावं लागतं. इटलीतल्या तार्क्विनिया या एट्रस्कन शहरात एका थडग्यात भिंतीवर चक्क मालवाहू जहाज रंगवलंय!

इटलीच्या जिल्यो बेटाजवळचं जहाज बघा. इ.स.पू. 600 च्या आसपास बुडालेलं, साधारण 50 मीटर खोल, आत एट्रस्कन अँफोरा म्हणजे दोन कानांचे मोठे रांजण, कॉरिंथ या ग्रीक शहरातली भांडी, बासऱ्यासुद्धा. 1961 ला सापडलं पण नीट उत्खनन व्हायला 1982 उजाडलं आणि मधल्या काळात हौशी डायव्हर्सनी बरंच काही उचलून नेलं, हे वाचून मला अजूनही वाईट वाटतं.

डिजिटल काम इथेच महत्त्वाचं. एवढ्या खोलवर मोजकी मिनिटं मिळतात, म्हणून एकावर एक येणारे शेकडो फोटो काढायचे आणि वर येऊन फोटोग्रामेट्रीने, म्हणजे फोटोंवरून मोजमाप काढायच्या तंत्राने, थ्रीडी मॉडेल बनवायचं, मग मोजमापं निवांत घरी बसून. इटलीतल्याच चेर्वेतेरी गावच्या रेगोलिनी-गलास्सी या एट्रस्कन थडग्याचंही डिजिटल रूप बनवलंय, त्यात सापडलेल्या वस्तू मूळ जागी दाखवून.

यात यायचं असेल तर इटालियन आत्तापासूनच शिका, डायव्हिंग नंतर शिकलात तरी चालेल.