आई सरपंचपदाला जरूर उभी राहू दे, पण आधी तिचा हिशोब मांड

तू लिहिलंयस की वेंगुर्ल्याजवळच्या तुमच्या गावात सरपंचपद महिलेसाठी राखीव झालंय, बचतगटातल्या बायका तुझ्या आईला उभी राहा म्हणतायत आणि घरात काका म्हणतात हिला पैशाचा व्यवहार काय कळतो. मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते, गटाचं दप्तर त्याच्या कितीतरी आधीपासून सांभाळते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी एक वही घे. आई दिवसभर काय करते ते लिही. काजूच्या बिया वेचणं, रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडून साली आगळात, म्हणजे त्यांच्याच खारवलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, परत बुडवायच्या, अशी आमसुलं करणं, फणसाची साठं, पावसाळ्यासाठी सुकी मासळी, परड्यातली भाजी. यातलं काय विकलं, आणि जे घरात खाल्लं ते बाजारातून आणायला किती लागले असते, दोन्ही लिही. आमच्या घरात मी हे पहिल्यांदा लिहिलं तेव्हा त्या सीझनचा आकडा मुंबईहून येणाऱ्या पैशांच्या बरोबरीला आला, आणि सासूबाई वही बघून म्हणाल्या "ह्या सगळा मियां पण केलंय गे, कोणी लिवक नाय."

कोकणात हे काय आजचं नाही. २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे बायका रत्नागिरीत ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६, कारण पुरुष पोटासाठी मुंबईला. मनीऑर्डर सगळ्यांना दिसायची, पण लावणीला माणसं जमवणं, त्यांची मजुरी ठरवणं, गुरं, म्हाताऱ्यांची दुखणी हे सगळं मागे राहिलेली बाई निभवायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, मनीऑर्डरी थांबल्या, तेव्हा कित्येक घरांच्या चुली याच बायकांच्या कामावर पेटल्या. काकांना हे नक्की विचार की तेव्हा व्यवहार कोण बघत होतं.

आता पदाचं. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत, सरपंच थेट लोकांतून निवडतात, आणि १ जानेवारी १९९५ च्या आधी जन्म असेल तर सातवी पासची अट लागत नाही, म्हणजे तुझ्या आईचं शिक्षण आड येणार नाही. खरी अडचण निवडून आल्यावर सुरू होते. चेकवर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक) दोघांची सही लागते, आणि खूप ठिकाणी बाई सही करते नि निर्णय नवरा किंवा दीर घेतो. मीसुद्धा पहिलं वर्ष मासिक सभेत सगळे म्हणतील त्याला हात वर केला. मग नळाच्या पाइपाचं बिल मंजुरीला आलं, मला ते जास्त वाटलं, गटातल्या चारजणी घेऊन गेले आणि दोरीने पाइप मोजला, बिलात लिहिलेल्यापेक्षा कमी निघाला. बिल परत गेलं. त्या दिवसापासून सभेत माझ्यासमोर कागद ठेवायला लागले!

म्हणून आईला सांग, वाचल्याशिवाय सही नाही, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते ती कागदावर न ठेवता खरोखर भरवायची, तिथेच पाण्याचे आणि रेशनचे प्रश्न मोकळेपणी निघतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून लोकांना कांदळवन दाखवतात, तुमच्या गटाला घेऊन एकदा जाऊन ये, आईला धीर येईल.

आणि अजून एक, सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का ते बघ. माझं नव्हतं, म्हणून काजूच्या मशीनचं कर्ज नाकारलं होतं, नाव लागायला दोन वर्षं हेलपाटे घातले, आजही ते आठवलं की राग येतो.

वही मात्र आजच काढ. रातांबे आलेत, आमसुलांपासूनच सुरुवात कर.