स्पॅनिशमधे रेल्वेच्या प्लॅटफॉर्मला काय म्हणतात?

प्रश्न असा आलाय की माद्रिदहून सेव्हिलला रेल्वेने जायचंय, अ‍ॅपवरून ‘दोंदे एस्ता ला प्लाताफोर्मा’ असं वाक्य पाठ केलंय, ते चालेल का, आणि अजून काय काय पाठ करून ठेवावं?

अंदाजाने कळेल समोरच्याला, पण तिथे असं कुणी म्हणत नाही. फलाटाला स्पेनमधे ‘आन्देन’ म्हणतात. प्लाताफोर्मा हा शब्दही रेल्वेत आहे, पण तो डब्याच्या टोकाला दाराजवळ जी मोकळी जागा असते तिच्यासाठी. फोनवर बोलायचं असेल तर सीटवर बसून बोलू नका, प्लाताफोर्मावर जाऊन बोला अशी सूचना असते, ती याच जागेबद्दल.

तरी माझं ऐकाल तर आन्देनही विचारू नका, ‘बिया’ विचारा. बिया म्हणजे रूळ, आपण लोकलच्या भाषेत लाईन म्हणतो ती. आपल्याकडे नंबर फलाटाला असतो, तिथे तो रुळाला असतो, एकाच आन्देनच्या अलीकडे एक बिया आणि पलीकडे दुसरी, त्यामुळे नुसत्या योग्य आन्देनवर पोचलात तरी गाडी कुठल्या बाजूला लागणार हा प्रश्न उरतोच, आणि स्टेशनवरच्या बोर्डावरही बियाचाच नंबर लिहितात. म्हणून वाक्य असं पाठ करा: ‘दे के बिया साले एल त्रेन आ सेबिया?’ म्हणजे सेव्हिलची गाडी कुठल्या लाईनवरून सुटते. ‘साले’ म्हणजे सुटते किंवा निघते. सेव्हिलचा उच्चार सेबियाच, कारण स्पॅनिशमधे लिहितात व्ही आणि म्हणतात ब, आणि डबल एलचा होतो य. तिकीट म्हणजे बियेते, तिथेही तेच.

उच्चाराच्या बाबतीत मराठी माणसाला आयतं काही मिळालेलं आहे ते वापरा. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, म्हणून त्रेन म्हणा, ट्रेन नको. इंग्रजी वळणाने ट-ड केलं की उगाच परकं वाटतं.

खरी अडचण उत्तर ऐकताना येते. बियाचा नंबर बोर्डावर बऱ्याचदा गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी लागतो, मोठ्या स्टेशनांवर आबे म्हणजे हायस्पीड गाडीसाठी सामान स्कॅनरमधून जातं आणि आत सोडायचंही सुटायच्या आधीच बंद करतात, अशा घाईत ‘दोस’ म्हणजे दोन की ‘दोथे’ म्हणजे बारा हे कळलं पाहिजे. त्यातून सेव्हिलकडचे लोक दोथेला दोसे म्हणतात, मग तर कान देऊनच ऐकावं लागतं. ‘सेइस’ सहा आणि ‘सिएते’ सात यांचंही तसंच, आणि साठ-सत्तर म्हणजे सेसेन्ता-सेतेन्ता, सीट नंबरला हे हमखास लागतात. म्हणून वाक्यं थोडी कमी पाठ केलीत तरी चालेल पण आकडे शंभरपर्यंत पक्के करा.

तिकिटावर ‘कोचे’ म्हणजे डबा आणि ‘प्लाथा’ म्हणजे सीट नंबर. बोलताना मात्र सीटला आसिएन्तो म्हणतात. आपल्या जागेवर कुणी बसलेलं असेल तर ‘पेर्दोने, क्रेओ के एस्ते एस मि आसिएन्तो’, माफ करा, ही माझी सीट आहे असं वाटतं. क्रेओ के म्हणजे ‘मला वाटतं’, ते गाळू नका, त्यानेच वाक्य मऊ होतं.

‘पारा’ हा शब्द दोन ठिकाणी भेटेल. ‘उन बियेते पारा कोर्दोबा’ म्हणजे कोर्दोबाचं एक तिकीट, इथे पारा म्हणजे ‘-साठी’. पण ‘एस्ते त्रेन पारा एन कोर्दोबा?’ म्हणजे ही गाडी कोर्दोबाला थांबते का, इथे ते थांबणे या क्रियापदाचं रूप आहे. ‘प्रोक्सिमा पारादा’ म्हणजे पुढचा थांबा, ही घोषणा सारखी ऐकू येते, त्यातला पारादा याच क्रियापदाचा. तसंच सालिदा: एकटं लिहिलं असेल तर बाहेर जायचा रस्ता, आणि अनेकवचनी सालिदास म्हणजे सुटणाऱ्या गाड्यांचा बोर्ड.

बाकी पटकन सांगते. जाऊन-येऊन तिकीट ‘इदा इ बुएल्ता’, गाडी बदलणं त्रान्सबोर्दो, उशीर रेत्रासो. कार्ड चालेल का हे ‘पुएदो पागार कोन तारखेता?’ यातला पागार म्हणजे पैसे देणे, आपला पगार पोर्तुगीजांकडून आला तो याच क्रियापदाचा, त्यामुळे हा शब्द लक्षात ठेवायला काहीच कष्ट नाहीत.

गाडी पकडण्याला स्पेनमधे ‘कोखेर’ म्हणतात आणि ते अगदी रोजचं आहे, पण हेच क्रियापद मेक्सिको किंवा अर्जेंटिनात अश्लील होतं, तिकडे ‘तोमार’च म्हणायचं. तुमचा पुढे तिकडे जायचा विचार असेल तर पहिल्यापासून तोमारचीच सवय लावा, ते स्पेनमधेही चालतं. तिकिटालाही मेक्सिकोत बोलेतो म्हणतात, आणि कोलंबियात आन्देन म्हणजे चक्क फूटपाथ.

सेव्हिलनंतर बार्सिलोनाला जाणार असाल तर तिथल्या पाट्या कातालानमधेही असतात, आन्देनच्या जागी आन्दाना आणि सालिदाच्या जागी सोर्तिदा दिसेल. बिया मात्र तिथेही बियाच.