वाचकांचे प्रश्न : खाणींच्या गावाला जाताना

प्रश्न : आम्ही पाच-सहा जण हिवाळ्यात कोलारच्या सोन्याच्या खाणी पाहायला निघतोय. खाणीत उतरू देतात का? एक दिवस पुरतो का? (खानापूर)

उत्तर : उतरू देत नाहीत. २००१च्या फेब्रुवारीअखेर या खाणी चालवणाऱ्या भारत गोल्ड माइन्स कंपनीने काम थांबवले. खोल खाणीत पाणी सतत झिरपत असते, त्यामुळे पंप थांबले की ती तळापासून भरत जाते. चॅम्पियन रीफची खाण तर ३ किलोमीटरहून खोल गेलेली होती. ‘गुपचूप आत नेतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या मागे जाऊ नका. पाहण्यासारखे सगळे जमिनीवरच आहे, आणि ते भरपूर आहे.

बेळगावहून रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस सोयीची. बंगळुरात उतरून मारीकुप्पमची गाडी घ्या. बंगारपेठ जंक्शनला ही गाडी मुख्य मार्ग सोडून फाट्याला लागते. पुढे कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन, मारीकुप्पम अशी स्थानके येतात. फाट्यावरच्या गाड्या मोजक्याच असतात, म्हणून परतीची वेळ आधी पक्की करा आणि मगच रिक्षा ठरवा. आपल्याकडच्या लोकांना कन्नड येते, ते तिथे चालते, पण कामगार वस्त्यांमध्ये घरोघरी तमिळ ऐकू येईल. खाणीतले बहुतेक मजूर तमिळ मुलखातल्या उत्तर अर्काटच्या बाजूने आलेले होते.

पाहण्याचा क्रम दगडाच्या वाटेने ठेवा. दगड वर आला तिथून सुरुवात करायची आणि टाकून दिला तिथे संपवायचे. आधी हेडगिअर, म्हणजे शाफ्टच्या (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीच्या) तोंडावरचा लोखंडी मनोरा. त्याच्या माथ्यावर मोठी चाके दिसतील. त्यांवरून गेलेला पोलादी दोर तिरपा खाली उतरून ज्या इमारतीत शिरायचा, ते वाइंडर घर. माणसे आणि दगड नेणारा पाळणा वर-खाली करणारे यंत्र तिथे असे. एकाच शाफ्टने थेट ३ किलोमीटर का उतरले नाहीत, हा प्रश्न तिथे उभे राहिल्यावर सुचतोच. खोली वाढते तसे दोराचे स्वतःचे वजन वाढते, आणि एका मर्यादेनंतर दोर दगडापेक्षा स्वतःलाच ओढत बसतो. म्हणून काही अंतर खाली गेल्यावर आतच दुसरे यंत्र बसवून पुढचा शाफ्ट खणत. तळाचा खडक ६० अंश सेल्सियसहून तापलेला असायचा, त्यामुळे थंड हवा वरून ढकलावी लागे. खोल भागातला ताण अचानक मोकळा झाला की खडक फुटायचा. कोलारमध्ये बरेच बळी या खडकस्फोटांनी घेतले.

विजेच्या खांबांकडेही जरा थांबून पाहा. कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्याची वीज जवळजवळ दीडशे किलोमीटर तारांवरून १९०२ मध्ये आधी या खाणींना मिळाली, बंगळूर शहराला त्यानंतर.

शेवटी त्या सपाट माथ्याच्या, फिक्या रंगाच्या टेकड्या, ज्यांना सगळे सायनाइडच्या टेकड्या म्हणतात. दगड पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या द्रावणात सोने विरघळवून घ्यायचे आणि उरलेला गाळ टाकून द्यायचा. सव्वाशे वर्षांत सुमारे ८०० टन सोने निघाले. टनभर दगडातून सरासरी १५-१६ ग्रॅम सोने, बाकी सारे या ढिगाऱ्यांत. उन्हापावसात सायनाइड बरेचसे विघटित होते, पण बारीक सिलिका आणि जड धातू तसेच राहतात. वारा सुटला की ती धूळ वस्तीवर जाते. टेकड्या सकाळी, वारा पडलेला असताना, लांबूनच पाहा. नाकावर चांगला मास्क हवा. रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. पावसाच्या घळींनी कडा आतून पोखरलेल्या असतात, वर पाय दिला की ढासळतात. मुलांना तिथे खेळू देऊ नका, आणि आठवण म्हणून माती घरी आणू नका.

शाफ्टभोवतीच्या बऱ्याच जागा कुंपणात आहेत. आत जायचे असेल तर जाणाऱ्यांची नावे, ओळखपत्रांच्या प्रती, तारीख आणि कारण लिहून लेखी परवानगी आधीच मागा. फाटकावर जाऊन केलेली विनवणी सहसा फुकट जाते. परवानगी नसेल तर रस्त्यावरून दिसते तेवढे पाहा. हेडगिअर उंच असल्याने लांबूनही नीट दिसतात. एक दिवस धावपळीचा होईल. दुसरा दिवस बंगळुरात काढून विश्वेश्वरय्या औद्योगिक संग्रहालयातले इंजिनांचे दालन पाहा. कोलारची बंद यंत्रे कशी चालत असतील ते तिथे उमगते. स्वतःच्या गाडीने जात असाल तर चित्रदुर्गजवळ मराडीहळ्ळीचा उशीलाव्हा वाटेवरच आहे. समुद्राखाली थिजलेल्या लाव्हाचे हे गोळे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहेत, तेव्हा हातोडी गाडीतच ठेवा.

प्रश्न : कॅसलरॉक-जोयडा भागात मँगनीजच्या जुन्या खाणी आहेत म्हणतात. रुळाच्या कडेने चालत जाऊन बघता येतील का? (लोंढा)

उत्तर : रुळावरून तर नाहीच. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठे कारण घाटाचे आहे. कुळे ते कॅसलरॉक हा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटरमागे १ मीटर, इतका तीव्र, गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायला जागा नसते. जंगलाचा बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरणे हाही गुन्हाच.

मँगनीजच्या उघड्या खाणी सोडून दिल्या की त्यांचे तलाव होतात. पाणी निवळशंख दिसते, पण काठ उभा असतो आणि पहिल्याच पावलाला खोली लागते. पोहणाराही अडकतो, कारण वर यायला धरायला काही नसते. डोंगरात खणलेला बोगदा दिसला तर तोंडाशीही रेंगाळू नका. कुजणारी लाकडे आणि गंजणारे खनिज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतात. त्या हवेला वास नसतो, गुदमरल्यासारखेही वाटत नाही, माणूस सरळ कोसळतो. त्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच पडतो. या भागात गाडीच्या खिडकीतून घाट पाहावा आणि कॅसलरॉक स्थानकावर उतरून फिरावे. हा मार्ग १८८८ मध्ये सुरू झाला, आणि ब्रिटिश हद्द संपून पोर्तुगीज हद्द सुरू व्हायची ती याच गावापाशी.

प्रश्न : गोकाकच्या धबधब्यावर सूतगिरणीचे जुने वीजघर पाहायचे आहे. कधी जावे? (निपाणी)

उत्तर : जुलैअखेर ते सप्टेंबर. पाणी पावसाइतकेच वरच्या हिडकल धरणातून किती सोडतात आणि धूपदाळच्या बंधाऱ्यातून कालव्यांना किती जाते, यावर ठरते. उन्हाळ्यात ५२ मीटरचा नुसता कोरडा कडा दिसतो. मात्र दगडातले खड्डे आणि थर पाहायचे असतील तर तोच काळ चांगला. वीजघर कड्याच्या पायथ्याशी आहे आणि खाली जाणारा पाळणा गिरणीच्या ताब्यात, म्हणून परवानगीचे पत्र आधीच द्या. मिळाले नाही तरी काठावरून वीजघर आणि खाली उतरणारे पाण्याचे नळ ओळखता येतात. झुलता पूल सुमारे २०० मीटरचा आहे. तो बंद असेल तर फाटक ओलांडू नका, गर्दीत एका लयीत चालले की असा पूल जास्त हलतो. गिरणीची कंपनी १८८५ची. चालुक्यकालीन महालिंगेश्वराचे देऊळ शेजारीच आहे, तेवढ्यात पाहून होते.

प्रश्न : हट्टीची खाण बघता येते का? (रामदुर्ग)

उत्तर : ती सोन्याची चालू खाण आहे, पाहुण्यांसाठी खुली नाही. हट्टीसाठी लिंगसुगूरपर्यंत जाणारच असाल तर मस्की गाव पाहा. तिथला अशोकाचा शिलालेख १९१५ मध्ये सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या सी. बीडन या खाण अभियंत्याला सापडला. अशोकाचे नाव स्पष्ट लिहिलेल्या मोजक्या लेखांपैकी तो एक. अक्षरे तिरप्या उन्हात उठून दिसतात, म्हणून सकाळी किंवा चारनंतर जा.

प्रश्न : आजोबा खाणीत कामाला होते. त्यांचा पितळी कार्बाइडचा दिवा घरी आहे. पेटवून दाखवता येईल का? संग्रहालयाला द्यायचाही विचार आहे. (शहापूर, बेळगाव)

उत्तर : पेटवू नका. वरच्या भांड्यातले पाणी थेंबाथेंबाने खालच्या कार्बाइडवर पडते आणि ॲसिटिलीन वायू तयार होतो. जुन्या दिव्याचे रबरी वायसर वाळून चिरलेले असते, वायू फटीतून बाहेर येतो, आणि हवेत अडीच टक्के मिसळला तरी भडकतो. आधी खालचे भांडे घराबाहेर, उघड्यावर, विस्तवापासून लांब उघडा. आत राखाडी खडे असतील तर पाणी लावू नका. पांढरी भुकटी असेल तर ती विझलेला चुना आहे, मऊ ब्रशने झाडून घ्या. आतले पापुद्रे लोखंडाने खरवडू नका. चिंच, लिंबू, पॉलिश काही लावायचे नाही. घासून चकचकीत केले की बनवणाऱ्याची खूण आणि हजेरीचा आकडा झिजतो, आणि संग्रहालयाला हवे असतात ते तेच. दिव्यासोबत आजोबांचे नाव, खाण, खात्याचे नाव, कामाची वर्षे आणि पगाराची चिठ्ठी किंवा फोटो असेल तर त्याची प्रत जोडा. देताना पोचपावती घ्या. दिवा कायमचा देताय की उसना, हे तिच्यावर लिहून घ्या.