सांडपाणी बंद झालं, पाण्याचा अहवालही चांगला आला. मग खाडीचा धोका संपला का?

तुमचा प्रश्न असा आहे: गावालगतच्या खाडीत अनेक वर्षं कारखान्यांचं सांडपाणी येत होतं, ते आता थांबलं आहे. पाण्याचा तपासणी अहवाल मर्यादेत आला आहे, पण कोळी म्हणतात की निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे ते छोटे मासे, काही परत आल्या नाहीत. तर धोका संपला असं समजायचं का?

नाही. तुमच्या हातात जे दोन पुरावे आहेत, त्यांत मी निवट्यांना जास्त वजन देईन.

बरीच वर्षं मी खाड्यांच्या आणि पाणथळींच्या गाळाचे नमुने तपासतो आहे. खाडीत दिवसातून दोनदा भरती येते. उधाणाच्या वेळी बाटली भरली तर तिच्यात बरंचसं समुद्राचंच पाणी असतं. शिसं, कॅडमियम, तांबं, पारा हे पाण्यात फार काळ राहत नाहीत, चिखलाच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. निवटी त्याच चिखलात बीळ करते, तिथेच अंडी घालते आणि चिखलावरचं शेवाळ खरवडून खाते. म्हणजे अहवालाने जे मोजलं ते आणि निवटी ज्यात जगते ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाणथळीतलं विष कसं वर चढत जातं, याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या केस्टरसनचं आहे. तिथे कारखाना नव्हताच. सॅन वाकीन खोऱ्यातल्या शेतांखालून निचरा होणारं पाणी एका कालव्याने आणून बारा तळ्यांत सोडलं जायचं, आणि त्या तळ्यांवर पक्षी राहायचे. मातीत मुळातच असलेलं सेलेनियम, जास्त झालं की विषारी ठरणारं मूलद्रव्य, त्या पाण्याबरोबर आलं. आधी मासे संपले. उरला तो फक्त गंबुसिया, आपल्याकडे मलेरियावाले विहिरीत सोडतात तो. १९८३ साली हॅरी ओलेनडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरटी तपासली, तेव्हा वारकरी, शेकाट्या, टिबुकली या पाणपक्ष्यांच्या तिकडच्या जातींच्या अंड्यांत मेलेले गर्भ सापडले. कुणाला डोळे नाहीत, कुणाला पाय नाहीत, कुणाची चोच वाकडी. पाण्यात सेलेनियम लिटरला साधारण ३०० मायक्रोग्रॅम, पण पक्षी जे किडे आणि मासे खात होते त्यांच्यात ते शेकडो पटींनी साचलं होतं. हा घात किती मोठा आहे हे कळलं ते जवळच्या व्होल्टा या स्वच्छ पाणथळीतले त्याच जातींचे मासे आणि अंडी शेजारी ठेवून पाहिल्यावर. १९८६ मध्ये पाणी बंद केलं, १९८८ मध्ये सखल भाग मातीने भरून टाकला. ती अंडी कुणी उघडून पाहिली नसती तर हे आणखी किती वर्षं चाललं असतं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

म्हणून तुमच्या खाडीत तीन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात. गाळात काय आहे. त्या गाळात जीव तगतो का. आणि प्रत्यक्षात तिथे आज कोण राहतं. दुसऱ्या प्रश्नासाठी प्रयोगशाळेत तो गाळ आणि स्वच्छ जागेचा गाळ वेगवेगळ्या भांड्यांत घेऊन त्यांत बारीक कवचधारी जीव सोडतात आणि दहा दिवसांनी किती उरले ते मोजतात. तिसऱ्यासाठी चिखल चाळून कृमी, शिंपल्या, खेकडे मोजायचे. तुलनेची जागा मात्र नीट निवडावी लागते. खाडीच्या मुखाशी रेती असते आणि रेतीला धातू कमी चिकटतात; तिची तुलना आतल्या चिकट गाळाशी केली तर निष्कर्ष चुकणारच. बगळ्यासारख्या पक्ष्याचा धोका काढताना तो रोज किती खातो, त्या खाण्यात विष किती, आणि त्याला न बाधणारी मात्रा किती, याचं गुणोत्तर मांडतात. ते एकाच्या वर गेलं म्हणजे पक्षी मरतायत असं नव्हे, पण तिथे तपास थांबवता येत नाही.

आता एक कळकळीची विनंती. अहवाल वाईट आला की पहिली मागणी होते ‘गाळ उपसा’. घाई करू नका. सडक्या अंड्यांचा वास येणारा काळा चिखल पाहिलाय ना? त्यातल्या गंधकाशी जस्त, तांबं, शिसं, कॅडमियम बांधले गेलेले असतात आणि तोवर बऱ्यापैकी गप्प असतात. तोच गाळ उपसून बांधावर पसरला की हवा लागते, आम्ल तयार होतं आणि बांधलेले धातू मोकळे होतात. पाऱ्याचं आणखी वेगळं: त्याच काळ्या चिखलातले जिवाणू त्याचं मिथाइल पारा हे जास्त घातक रूप करतात, आणि तो माशांतून वर चढतो. जपानमधल्या पाऱ्याने विषारी झालेल्या मिनामाता उपसागरात उपसा करावाच लागला, पण ते काम १९७७ ते १९९० इतकी वर्षं, पुरती काळजी घेत चाललं. काही ठिकाणी स्वच्छ मातीचा थर वर घालणं किंवा तिवरांना (खारफुटीला) हात न लावता लक्ष ठेवणं जास्त शहाणपणाचं ठरतं.

२०२५ साली केंद्र सरकारने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत. त्यांनुसार लोकांच्या तक्रारीवरूनही स्थानिक स्वराज्य संस्था किंवा जिल्हा प्रशासन एखादी जागा संशयित म्हणून राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवू शकतं. ग्रामपंचायतीमार्फत अर्ज करा. कुठल्या फाट्यात काय मिळायचं, कुठल्या वर्षापासून मिळेनासं झालं, हे कोळ्यांना विचारून त्यात लिहा. नमुने ओहोटीला, उघड्या पडलेल्या चिखलातूनच घ्यायला सांगा, आणि निवट्यांची जुनी बिळं कुठे होती ते दाखवायला त्यांच्यातल्या एखाद्या जुन्या माणसाला बरोबर न्या.