पहाटे ओरडणं, मुठी मारणं : 'नॉर्मल' रिपोर्टवर विसंबू नका

दादा, वडील ५८ वर्षांचे, पहाटे चारच्या सुमारास शिव्या देत मुठी मारतात, परवा आईच्या डोळ्याला लागलं, आणि झोपेची घरी केलेली टेस्ट नॉर्मल. तुमची पोस्ट वाचली आणि आमच्याकडचाच जुना घोळ आठवला. मी डॉक्टर नाही, ते धरून वाचा.

घोळ त्या टेस्टमध्येच आहे. नाकाला नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर लावून मशीन घरी देतात, ती श्वास मोजते. मेंदूच्या लहरी आणि स्नायूंचा ताण मोजतच नाही. आमच्या सेंटरला हातपाय झाडण्याचं आधी सांगितलं होतं, तरी रिपोर्टवर छापलं 'झोपेचा विकार नाही'. 'श्वास अडकत नाही' एवढंच लिहायला पाहिजे होतं. त्या एका ओळीवर पुढचा प्रत्येक डॉक्टर 'टेन्शन असेल' म्हणत राहिला. दिवसा काढलेल्या ईईजीचंही (मेंदूच्या लहरींचा आलेख) तसंच, त्यातून हे कळत नाही.

स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत अंग लुळं पडायला हवं. ते पडलं नाही की माणूस स्वप्नातली मारामारी खरोखर करतो. रेम झोप उत्तररात्री जास्त, म्हणून पहाट. हाक मारली की पटकन भानावर येऊन 'चोर अंगावर आला' असं सांगतात का बघा. लहान मुलं झोपेत चालतात ते रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेत, आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. तो विषय वेगळा.

टेस्ट हवी ती व्हिडिओसह रात्रभराची पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे झोपेत श्वासाबरोबर मेंदूच्या लहरी आणि स्नायूंचा ताणही मोजणारी. पुण्यात करा नाहीतर कोल्हापुरात, बुक करताना विचारा : हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर ईएमजी (स्नायूंचा ताण मोजणाऱ्या तारा) लावता का? टेक्निशियन रात्रभर जागा असतो का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा. घरीही नाइट बल्ब लावून कपाटावर मोबाईल ठेवा आणि दोन-चार रात्री शूट करा. न्यूरोलॉजिस्टला तो व्हिडिओ दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो. वास येणं कमी झालंय का, बद्धकोष्ठता आहे का, हेही सांगा. झोपेत असं हातपाय झाडणं ही पुढे होणाऱ्या पार्किन्सनची (कंपवाताची) आधीची खूण असू शकते, म्हणून टाळाटाळ नको. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही हे सुरू होतं, पण गोळी मनानं बंद करू नका. यावरची औषधं, मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम, डॉक्टरच ठरवतील. श्वास अडकत असेल तर क्लोनाझेपाम जपून द्यावी लागते, तोलही जातो.

आज रात्रीच गादी जमिनीवर घाला, आईंचं अंथरूण वेगळं करा. वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून उशाखाली विळा किंवा अडकित्ता ठेवला असेल तर पहिला तो काढा. नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या दर्शनाला जायचं तर जरूर जा, टेस्ट पुढे ढकलू नका. जागं करताना हलवू नका, लांबून नावानं हाक मारा.

आणि मेडिक्लेमचं आधी लेखी विचारा. 'फक्त तपासणीसाठी दाखल' या कलमावर बोट ठेवून क्लेम नाकारतात, आणि कॅशलेस डेस्कवरची माणसं ते डिस्चार्जच्या दिवशी सांगतात.