शिडाच्या बोटीतून एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी मारायच्या सोलो नॉनस्टॉप रेसचा इतिहास कुठून सुरू करायचा?

अरे, सुरुवात डायरेक्ट व्हेंडी ग्लोब या फ्रान्समधल्या रेसपासून करू नकोस, आधी १९६८ ची गोल्डन ग्लोब रेस नीट वाच. नऊ जण निघाले, पूर्ण केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननी, ३१२ दिवसांत, आणि त्यांची सुहेली ही ३२ फुटी सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली, हे वाचून मला अजूनही भरून येतं. याच रेसमधल्या डोनाल्ड क्रोहर्स्टचं प्रकरण घाईत वाचू नकोस, त्याने खोट्या पोझिशन का कळवल्या, पैशाचं किती दडपण होतं ते समजून घे. मग १९८९ ची पहिली व्हेंडी ग्लोब, ती फ्रेंच खलाशी तितुआँ लामाझू १०९ दिवसांत जिंकला. गोल्डन ग्लोब पुन्हा सुरू झाल्यावरचं आपल्या भारतीय अभिलाष टॉमींचं २०१८ आणि २०२३ दोन्ही वाच, आधी पाठीला जबर मार, नंतर थेट दुसरा नंबर. सोबत नकाशा ठेवच.