आजीच्या कपाटात सापडलेली ही पिवळसर काचेची वाटी किती जुनी असेल?

तुमच्या वर्णनावरून वाटी मुठीत मावेल एवढी, अंग पिवळट हिरवं, काठ मात्र दुधात बुडवून काढल्यासारखा पांढरा, आणि बुडाशी उठावाची अक्षरं : 'आरडी १७६५६६'. आई म्हणते पेशवाईतली, दुकानदार म्हणतो दीडशे वर्षांची. पेशवाई १८१८ मध्येच बुडाली, त्यामुळे आईंना हात जोडू. दुकानदार मात्र फार चुकलेला नाही.

सगळी मेख त्या आकड्यात आहे. 'आरडी' म्हणजे रजिस्टर्ड. इंग्लंडमध्ये १८८४ पासून प्रत्येक नव्या नक्षीला नोंदणीचा चढता क्रमांक मिळायला लागला, अगदी १ पासून. (त्याआधी, १८४२ ते १८८३, आकड्याऐवजी चौकटच्या पत्त्यासारखी खूण असे आणि तिच्या कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून साल काढावं लागतं. तुम्ही त्यातून सुटलात.) १८९१ साल १६३७६७ पासून सुरू झालं आणि १८९२ साल १८५७१३ पासून. तुमचा क्रमांक या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे नोंद १८९१ ची. गेट्सहेडच्या जॉर्ज डेव्हिडसन यांच्या कारखान्याची ही नक्षी संग्राहकांमध्ये 'लेडी चिपेंडेल' म्हणून ओळखली जाते.

पण ही जन्मतारीख नक्षीची आहे, वाटीची नाही. नोंदणीचं संरक्षण पाच वर्षांचं असे. साचा मात्र लोखंडाचा, आणि माल खपतोय तोवर तो कोण मोडतो? म्हणून मी '१८९१ किंवा त्यानंतरची काही वर्षं' एवढंच म्हणेन.

पांढरा काठ माझ्या मताला बळ देतो. डेव्हिडसननी १८८९ मध्ये 'पर्लाइन' नावाची काच आणली. साच्यातून काढलेली वस्तू भट्टीच्या तोंडाशी धरून पुन्हा तापवली की जिथे आच लागते तिथे ती दुधाळ होते. म्हणून पांढरेपणा काठाशी दाट आणि खाली उतरताना विरत जातो. वरून रंग फासला असता तर कुठेतरी स्पष्ट रेघ दिसली असती.

आता घरच्या घरी दोन गोष्टी करा. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च घ्या, खोलीत अंधार करा आणि वाटीवर धरा. ती लिंबाच्या कोवळ्या पानासारखी हिरवी पेटली तर काचेत युरेनियम आहे. दचकू नका, त्या काळी रंगासाठी सर्रास घालत, कपाटात ठेवायला काही धोका नाही. फक्त तीत चटणी-लोणचं वाढू नका. मात्र हिरवी चमक म्हणजे जुनेपणाचा दाखला नव्हे, अशी काच आजही बनते. पुण्याच्या जुन्या बाजारात एकदा टॉर्च मारून, खूश होऊन मी एक अत्तरदाणी घेतली. घरी येऊन बूड पाहिलं तर एक ओरखडा नाही! शंभर वर्षं फळीवर सरकलेल्या वस्तूच्या बुडाला बारीक, वेड्यावाकड्या, सगळ्या दिशांच्या रेघा असतात. मुद्दाम घासलेल्या रेघा बहुधा एकाच दिशेला जातात.

दुसरं, नक्षीच्या धारांवरून अंगठा फिरवा. हाताने कापलेली काच बोटाला टोचते, साच्यात दाबलेली गुळगुळीत लागते, आणि बाहेरच्या बाजूला साच्याचे भाग जुळतात तिथे शिवण हाताला लागते. तुमच्या वाटीला ती असायलाच हवी. त्यामुळे 'कटग्लास' म्हणून कुणी चढा भाव सांगितला तर ऐकू नका.

आपल्याकडची असेल का, असंही विचारलंत. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना सुरू झाला १९०८ मध्ये, आणि हा क्रमांक विलायती नोंदवहीतला. तेव्हा नाही.

एक करा, बुडाचा फोटो दिवा आडवा धरून पुन्हा काढा. शेवटचा ६ मला जरा ० सारखा वाटतोय. ० निघाला तर साल तेच राहील, डेव्हिडसनचं नाव मात्र मला मागे घ्यावं लागेल.